तुम्ही विचारलंत म्हणून: नाम कोरडं पडतं तेव्हा

"माळ हातात घेतो, पण आत काहीच हलत नाही. नेम सोडू का?" हे इतक्यांनी विचारलंय, की एकदा नीटच सांगतो.

सोडू नका, लहान करा. माणसं नेमकं उलटं करतात. मन लागत नाही म्हणून एका माळेच्या अकरा करतात, चौथ्या दिवशी मोडतात, मग देवासमोर जायचीच लाज वाटते. 108 मण्यांची एक माळ 'रामकृष्णहरी' म्हणत सावकाश ओढायला आठ-दहा मिनिटं पुरतात. तीही झेपत नसेल तर हरिपाठाचा पहिला अभंग म्हणा, आपल्याच कानावर पडेल इतक्या मोठ्याने. त्यात देवाच्या दारात क्षणभर उभं राहायचं आहे. तेव्हा मनात काय वाटावं, याची अट नाही. दर मण्याला 'आता काही वाटतंय का' हे चाचपू नका. बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

"म्हणजे आमची श्रद्धाच कमी पडली?" पूर्वी मी याला 'हो' म्हणायचो. चुकत होतो, आणि त्या उत्तराने लोकांचं ओझं वाढलं.

देहूची गोष्ट घ्या. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, की आपण लगेच त्या तरल्या तिथे पोचतो. मधले 13 दिवस कुणाला नको असतात. त्या दिवसांत तुकोबा अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून होते आणि देव येत नव्हता. 1630च्या दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, ते दुःख आधीचं. आता अभंगही पाण्यात. तेव्हाची त्यांची वाणी गाथेत आहे. तेरा दिवस झाले तरी पावत नाहीस, दगडाची खोळ घेऊन बसलास, तुझ्यावर प्राण देईन, असं ते विठोबाला सुनावतात. आणखी एका अभंगात तर आपल्या लेखी देव मेला म्हणतात. पण हे सगळं भांडण देवाकडे तोंड करून चाललेलं आहे.

तसं भांडा. फक्त अशा काळात गळ्यातली माळ उतरवायचा निर्णय घेऊ नका. आणि दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, जगणं नको वाटतंय, तर आधी डॉक्टर गाठा. त्याने भक्तीला उणेपणा येत नाही.

"चौदावा दिवस उजाडलाच नाही तर?" त्याचं वचन माझ्याजवळ नाही. संध्याकाळी देवळात हरिपाठ असेल. मागे भिंतीला टेकून बसा, टाळ हातात घ्या. चाल बाकीचे सांभाळतील.