तुम्ही विचारलंत म्हणून : मंडप भरतो, मग वर्ग का भरत नाही?

"वडशाच्या कंपन्या त विद्यापीठाबिगरच चालत आल्या. आता तो नाट्यशास्त्राचा कोर्स बंद होते म्हणतात, त होऊ द्या ना. का बिघडते?"

वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं नाटक कंपन्यांचं गाव. पानठेल्यावर, एसटीत, मंडपाच्या तिकीट खिडकीपाशी हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा नाटकाचा शत्रू नसतो. उलट रात्रभर थंडीत चादर पांघरून नाटक पाहणाराच असतो. म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

प्रश्नातलं अर्धं खरं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी कोणत्याही विद्यापीठानं उभी केलेली नाही. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांच्या मातीत ती रुजली. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत तिचा हंगाम. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि त्या निमित्तानं घरोघरी पाहुणे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, पट काही वर्षं थांबले, नाटक थांबलं नाही. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ तर २०११ चं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच मंडपातल्या कामासाठी. तेव्हा कोर्स बंद झाल्यानं नाटक बंद पडेल, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

पण कंपनीत शिकणं म्हणजे पाहून शिकणं. आवाज कुठे फेकायचा, टांगलेल्या माइकखाली किती पावलांवर थांबायचं, ऑर्गनवाल्याकडे कधी पाहायचं, हे पाहून येतं, आणि वर्गापेक्षा चांगलं येतं. जे पाहून येत नाही, त्यातलं एकच उदाहरण घेऊ, दिव्यांचं.

एक-एक हजार वॅटचे आठ पार दिवे लावले की झाले ८ किलोवॅट. २३० व्होल्टवर हा भार सुमारे ३५ अँपिअर होतो. शेजारच्या घराच्या सिंगल फेज मीटरवरून एवढं ओढलं की आधी वायर तापते, मग स्पीकर गुरगुरतो, आणि माय मरते त्याच प्रवेशात अंधार होतो. हे टाळायला भार तीन फेजवर वाटतात. तिथे दुसरा घोळ. न्यूट्रल म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार. तिचा नट ढिला राहून सुटला, तर ज्या फेजवर भार कमी तिथला व्होल्टेज चढतो, ३०० च्याही वर जाऊ शकतो. त्या फेजवर नेमके असतात अॅम्प्लिफायर आणि कीबोर्ड. दिवे वाचतात, वादकाचं पोट जातं. म्हणून आधी न्यूट्रल आवळायचा, मग मीटरनं तिन्ही फेज मोजायचे, मग वाद्यं जोडायची. जनरेटरचंही तसंच. १५ केव्हीए लिहिलेला जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरला १२ किलोवॅट देतो. पाटीवरचा १५ वाचून १५ किलोवॅट जोडणारे प्रत्येक हंगामात भेटतात.

कायद्याचंही एक गाठोडं आहे. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून लागू आहेत. त्यांत रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि सवलत मिळाली तरी वर्षातून फार तर १५ दिवस, तीही मध्यरात्री १२ पर्यंत. रात्रभराच्या रंगभूमीसाठी ही गळ्याभोवतीची दोरी आहे. यावर मांडणी करायची तर नोंदी हव्यात, जुन्या संहिता हव्यात, दंडारीची गाणी ध्वनिमुद्रित हवीत. ही कामं कंपनी मालकाची नाहीत. त्याला उद्याच्या गावाची गाडी भरायची असते.

आता कोर्स बंद कसा होतो ते पाहा. 'बंद' हा शब्द कागदावर बहुधा येतच नाही. एक प्राध्यापक निवृत्त होतो, पद रिकामं राहतं. तासिका तत्त्वावर माणूस येतो, तोही सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना झाल्यावर. प्रवेशाची जाहिरात उशिरा निघते, तोवर पोरं दुसरीकडे दाखला देऊन मोकळी. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर कोर्सची नोंद करायचीच राहून जाते, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्जच भरता येत नाही. गडचिरोलीच्या पोरासाठी एवढं पुरे आहे, तो प्रवेशाचा नाद सोडतो. मग किमान विद्यार्थीसंख्या भरत नाही म्हणून 'या वर्षापुरती स्थगिती'. दोन वर्षं स्थगिती झाली की तिसऱ्या वर्षी विचारायलाही कुणी उरत नाही.

आणि एक कारण खास आपल्याकडचं. पहिल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात येते, म्हणजे हंगाम ऐन रंगात असताना. जो पोरगा नाटकावर वर्षाची कमाई करतो, तो परीक्षेला बसेल की मंडपात उभा राहील? हजेरी पडते, निकाल पडतो, आणि तोच निकाल पुढे 'प्रतिसाद नाही' म्हणून दाखवला जातो. मंडप भरतो आणि वर्ग भरत नाही, तो यामुळे. पोरांना नाटक नको असतं म्हणून नव्हे.

याला तोड आहे. २०२३ च्या शासन निर्णयानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला ४ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास. कंपनीबरोबरच्या एका रात्रीचे, प्रवास सोडून, ६ तास धरा. २० रात्री झाल्या की १२० तास भरले. जानेवारी ते होळी एवढ्यात वीस रात्री सहज मिळतात. पहिल्या सत्राची प्रात्यक्षिकं दिवाळीआधी उरकायची, लेखी परीक्षेचं वेळापत्रक कंपन्यांच्या तारखा पाहून मांडायचं. त्यासाठी विभागानं कंपनीशी सामंजस्य करार करावा आणि अभ्यास मंडळाकडून तो विषय विद्यापरिषदेपुढे न्यावा.

हे कुठे फसतं, तेही सांगतो. नोंदवहीत वीसही रात्री 'नाटकात काम केले' असं लिहिलेलं असतं. परीक्षक ती परत करतो, आणि बरोबर करतो. तारीख, गाव, आल्या-गेल्याची वेळ, नेमकं काम आणि मॅनेजरची सही, एवढे रकाने हवेत. 'दुसरा अंक, डिमर क्रमांक २, अकरा संकेत, सातवा उशिरा गेला' अशी एक ओळ पानभर मजकुरावर भारी पडते. मार्गदर्शक शिक्षकानं वीसपैकी दोन रात्री तरी स्वतः मंडपात बसावं. तिथेही तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला प्रवासखर्च कोण देणार हा प्रश्न आहेच, तो करार करतानाच सोडवून घ्या.

वाचवायला निघालेले लोक पहिल्यांदा सह्यांची मोहीम घेतात आणि पालकमंत्र्यांकडे जातात. हार-तुरे होतात, फोटो निघतो. विद्यापीठात मात्र निर्णय आकड्यांवर होतो, म्हणून आधी आकडे काढा. माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. 'कोर्स का बंद करता?' असं विचारू नका. त्या कायद्यात कागद मिळतात, खुलासे नाहीत. मागायचं ते असं: मंजूर पदं किती, त्यातली कोणती कोणत्या तारखेपासून रिक्त, गेल्या पाच वर्षांत प्रवेशाची जाहिरात कधी निघाली, अर्ज किती आले, प्रवेश किती झाले, आणि अभ्यास मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील.

जाहिरातीची तारीख आणि अर्जांची संख्या शेजारी-शेजारी ठेवली की गोष्ट आपोआप दिसते. हे दोन रकाने घेऊन विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) सदस्याकडे जा. नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून आलेले दहा सदस्य असतात, त्यातला कुणीतरी आपल्या जिल्ह्याचा निघतोच. प्रश्न बैठकीच्या आधी मुदतीत लेखी द्यावा लागतो, सभागृहात उभं राहून ऐनवेळी विचारलेल्याची नोंद राहील याचा भरवसा नाही. अधिसभा वर्षातून किमान दोनदा भरते. अर्थसंकल्पाची बैठक मार्चच्या सुमारास असते, रिक्त पदाच्या पैशाचा विषय तिथेच काढायचा. म्हणजे माहितीचा अर्ज डिसेंबरात टाकायला हवा, हंगामाच्या धावपळीत.