वँसेनची हिवाळी वही: प्री दामेरिकपर्यंतच्या नोंदी

नोव्हेंबर: रकाने बदलले

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पॅरिसजवळच्या वँसेनला 2700 मीटरची प्री दामेरिक ही दुडकी चालीच्या घोड्यांची शर्यत होते. तिची वही नोव्हेंबरात उघडावी लागते, कारण पात्रता शर्यती तेव्हाच सुरू होतात. जुन्या वहीत घोडा, चालक, क्रमांक, वेळ आणि भाव एवढेच रकाने होते. त्यातला भाव काढून टाकला, कारण शर्यतीच्या दिवसाआधीचा भाव काही सांगत नाही. नवे तीन रकाने घातले: नाल, सुरुवातीचा प्रकार आणि "वारा कुठे खाल्ला". या तिघांमुळे निकालापेक्षा जास्त कळतं.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या सवयीने इकडे येणाऱ्यांसाठी एक खुलासा. हे घोडे चौखूर धावत नाहीत, दोन चाकांची हलकी सल्की ओढत दुडकी चालीने पळतात. चौखूर उधळला आणि चालकाने त्याला लगेच आवरलं नाही, तर घोडा बाद. उधळण्यातून फायदा झाला किंवा शेवटच्या सरळ पट्ट्यात चाल मोडली, तरी बाद. अशा घोड्यावर लावलेले पैसे परत मिळत नाहीत. परतावा फक्त सुरुवातीलाच न उतरलेल्या घोड्याचा.

वयासाठी वेगळा रकाना लागत नाही. फ्रेंच ट्रॉटरच्या (दुडकी चालीच्या घोड्याच्या) नावाचं पहिलं अक्षरच जन्मवर्ष सांगतं: एच म्हणजे 2017, आय म्हणजे 2018, जे म्हणजे 2019. (परदेशी पाहुण्यांना हा नियम लागू नाही.) 2016 ते 2025 या दहा शर्यतींतल्या विजेत्यांची वयं अशी: 5, 6, 6, 8, 5, 6, 9, 6, 6, 7. आठचं आणि नऊचं वय म्हणजे 2019 ची बेलिना जोस्लँ आणि 2022 चा डेव्हिडसन द्यू पाँ. दोन्ही बाझीर या एकाच प्रशिक्षकाच्या तबेल्यातले. म्हणून म्हातारा घोडा दिसला की आधी प्रशिक्षकाचं नाव बघायचं, मग काट मारायची की नाही ते ठरवायचं.

नाल

कार्यक्रमपत्रिकेत डी4 म्हणजे चारही पाय अनवाणी, डीए म्हणजे फक्त पुढचे, डीपी म्हणजे फक्त मागचे. नाल काढली की पायावरचं वजन घटतं, पाऊल लवकर उचललं जातं आणि वेळ सुधारते. पण खूर झिजतो, त्यामुळे दर पंधरवड्याला घोडा अनवाणी पळवता येत नाही. प्रशिक्षक हे भांडवल जपून खर्च करतो. नोव्हेंबर-डिसेंबरात नाल घालून सातवा आलेला घोडा जानेवारीच्या शेवटी डी4 होऊन आला, तर तो सातवा क्रमांक विसरायचा.

उलटंही खरं. तीन शर्यती लागोपाठ डी4 पळून प्रत्येक वेळी दुसरा-तिसरा येणाऱ्याकडे वाढायला जागा उरलेली नसते. स्वीडनमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी अनवाणी पळवायला बंदी आहे, तेव्हा तिथून येणाऱ्याची घरची हिवाळी वेळ वँसेनच्या वेळेशेजारी मांडायचीच नाही.

इथे एक खड्डा आहे, नवे लोक हमखास पडतात. घोड्याच्या मागच्या निकालांच्या ओळीत "1ए 3ए डीए 0ए" असं दिसतं. त्यातला "डीए" म्हणजे सल्कीच्या शर्यतीत बाद, आणि नालेच्या रकान्यातला "डीए" म्हणजे पुढचे पाय अनवाणी. मूळ छपाईत पहिल्यात छोटा ए असतो, दुसऱ्यात मोठा. ओळ डावीकडून वाचायची, सर्वात ताजा निकाल आधी. शून्य म्हणजे नवव्या क्रमांकाच्याही मागे. "एम" म्हणजे पाठीवर स्वार बसवून पळवलेली शर्यत. ती सल्कीच्या हिशेबात अर्धीच धरायची.

डिसेंबर: वेळेचा हिशेब

ब्रतान्य, बुर्बोने, बुर्गोन्य, बेल्जिक या चार पात्रता शर्यतींना जुने लोक अजून "चार बी" म्हणतात. चौघींच्या वेळा एकाच रकान्यात लिहिणं ही पहिल्या वर्षाची नेहमीची चूक. बुर्गोन्य 2100 मीटरची आहे आणि ती ऑटोस्टार्टने, म्हणजे पुढे धावणाऱ्या गाडीच्या फाटकामागून सुटते. घोडे वेगात असतानाच घड्याळ चालू होतं. प्री दामेरिक मात्र व्होल्टने सुटते: घोडे गोल फिरत येतात, वळतात आणि दोर सुटला की निघतात. तिथे पहिली काही सेकंदं वेग धरण्यातच जातात. दोन्हींना वेगळी पानं.

वेळ किलोमीटरमागे लिहितात. 2700 मीटर 3 मिनिटं 12 सेकंदांत म्हणजे 192 भागिले 2.7, साधारण 1 मिनिट 11.1 सेकंद. छापलेला दशांश क्षुल्लक वाटतो, पण 0.1 चा फरक 2700 मीटरवर 0.27 सेकंद होतो आणि त्या वेगाला ते जवळपास पावणेचार मीटर. 0.4 चा फरक म्हणजे पंधरा मीटर.

जास्त कमाईच्या घोड्यांना काही शर्यतींत 25 मीटर मागून सोडतात. 2700 वाला आणि 2725 वाला दोघंही 3 मिनिटं 15 सेकंदांत आले, तर पहिल्याची वेळ 1:12.2 आणि दुसऱ्याची 1:11.6 च्या जवळ पडते. निकालात ते खांद्याला खांदा लावून दिसतात, वहीत दुसरा बराच वर जातो. प्री दामेरिकमध्ये सगळे एकाच रेषेवरून, म्हणून मागून पळालेल्याला ते 25 मीटर इथे परत मिळतात.

वारा कुठे खाल्ला

हा रकाना चित्रफीत बघूनच भरतो, निकालपत्रावरून नाही. वँसेनचा मोठा ट्रॅक सुमारे 1975 मीटरचा. 2700 ची शर्यत एकदा प्रेक्षागारासमोरून जाते, मग पूर्ण फेरी: आधी उतार, नंतर सपाटी आणि शेवटच्या किलोमीटरच्या आसपास चढ. उतारावर वेग फुकट मिळतो म्हणून उतावळे चालक तिथेच बाहेरून पुढे सरकतात. त्याची किंमत चढावर मोजावी लागते.

प्रत्येक घोड्यासाठी तीनच खुणा: आतल्या कडेला (क), दुसऱ्याच्या पाठीमागे आडोशाला (आ), बाहेर उघड्यावर (उ). प्रेक्षागार, उताराचा शेवट आणि चढाची सुरुवात, अशा तीन ठिकाणी एकेक खूण. "उउउ" आणि तरी चौथा, हा घोडा अधोरेखित करायचा. पूर्ण फेरीत एका सल्कीची रुंदी, म्हणजे अंदाजे दीड मीटर बाहेर राहिलं, तर नऊ-साडेनऊ मीटर जास्त पळावं लागतं. वाऱ्याचा हिशेब वेगळाच. "कआआ" आणि दुसरा, याचं कौतुक बेताने. आतल्या कडेला अडकून वाट न मिळालेल्याला मात्र चौकोन करा: त्याचा दम शिल्लक होता, निकालात दिसला नाही इतकंच.

जानेवारी: काट मारणं

18 घोडे. खच्ची केलेल्यांना प्रवेश नाही, फक्त स्टॅलियन आणि माद्या, वय 4 ते 10. व्होल्टमध्ये क्रमांकाला ऑटोस्टार्टइतकं वजन नसतं. ऑटोस्टार्टला क्रमांक म्हणजे फाटकामागची जागा, इथे तसं नाही. त्यामुळे "18 नंबर, बाहेर पडला बिचारा" ही हळहळ इथे वाया जाते. सुरुवात फसली की पुन्हा फिरवतात, आणि तापट घोडे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घामाघूम होतात. मागच्या व्होल्टमध्ये जो अडला किंवा उधळला त्याला कितीही वेगवान असला तरी मुख्य आधार (पैजेत पक्का धरलेला घोडा) म्हणून घ्यायचं नाही.

पैसे, म्हणजे कागदावरचे

भारतातून परदेशी साइटवर पैसे लावायच्या फंदात पडू नये. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर तर नाहीच. इथली सगळी गणितं कागदावरच ठेवा. फ्रान्समध्ये राहणाऱ्या मंडळींना पेएमयूच्या (तिथल्या पैजा घेणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर हीच गणितं लागू. सगळा खेळ टोटचा आहे, जमलेल्या रकमेतून कपात होऊन उरलेलं वाटलं जातं. प्रकार जितका गुंतागुंतीचा तितकी कपात जास्त. आपल्या टानाल्याचा (पहिले तीन घोडे ओळखण्याच्या पैजेचा) भाऊ म्हणजे तिएर्से. त्याच्या पुढची पायरी कँते प्लस, पहिले पाच घोडे, एका जोडणीला 2 युरो.

सात घोड्यांतून कोणतेही पाच घेतले तर 21 जोडण्या, 42 युरो. त्याच सातांतले दोन पक्के आधार धरले आणि उरलेल्या पाचांतून तीन निवडले तर 10 जोडण्या, 20 युरो. पाचच घोड्यांचे सगळे क्रम घ्यायचे तर 120 जोडण्या, 240 युरो. हा मोह सोडा. आधार चुकला तर सगळं जातं, म्हणून आधार वहीत अधोरेखित असलेलाच हवा, वर्तमानपत्रातला नव्हे.

50 युरोंच्या कागदी बँकेची सध्याची वाटणी: 20 कँते प्लस (वरचीच रचना), 18 "दू सूर कात्र" आणि 12 चौकोन केलेल्या घोड्यावर प्लेस (तो पहिल्या तिघांत आला की पैसे). दू सूर कात्रमध्ये निवडलेले दोघं पहिल्या चारांत आले की पुरे, क्रम नको. जोडी 3 युरोंची. चार घोड्यांच्या सहा जोड्या, 18 युरो. मुल्ती या पैजेला हात लावलेला नाही. त्यात पहिले चार हवेत, आणि चारऐवजी सात घोडे लिहिले तर तेवढ्याच 3 युरोंत बक्षीस 35 ने भागलं जातं. एवढी छत्री धरली की पाऊस जवळजवळ लागतच नाही.

प्लेस फक्त पहिल्या तिघांना. इदाओ द तियारसारखा लोकांचा लाडका (2024 आणि 2025, दोन्ही त्याच्या) असला की त्याच्या प्लेसमधून हाती फारसं उरत नाही. तो कँतेत आधार म्हणून ठेवावा, प्लेसचे 12 युरो दुसऱ्यावर.

शर्यतीच्या दिवशी

पॅरिस हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, तेव्हा पत्रिका आपल्याकडे दुपारीच उघडा. आधी नालेचा रकाना, कारण नालेचा निर्णय बदललेला असू शकतो. डी4 चा डीपी झाला तर आधार बदला. मग न उतरणाऱ्यांची नावं. मग सरावाच्या फेरीत कोण मान वर करून लगाम ओढतोय ते. निकालाची पाटी लागली तरी कमिशनरांची (शर्यतीच्या पंचांची) चौकशी चालू असेल, तर वही मिटू नका. चढावर चाल मोडल्याचा संशय असलेला घोडा तिसऱ्या जागेवरून उतरवला जाऊ शकतो आणि मग चौथा वर सरकतो.

पुढच्या नोंदीत प्री द फ्रांस, 2100 मीटर, ऑटोस्टार्ट. तिथे क्रमांकाचा रकाना परत येईल.