शिंकाळ्यातली ज्वारी

परभणीतल्या आमच्या घरामागे एक जुना कडुनिंब आहे आणि त्याच्या खालच्या फांदीला गेली चार वर्षे शिंकाळ्यात ठेवलेले मातीचे एक परळ लोंबते आहे. त्यात रोज सकाळी मूठभर ज्वारी आणि थोड्या तांदळाच्या कण्या पडतात. गावाहून आलेल्या अण्णांनी ही व्यवस्था प्रथम पाहिली तेव्हा त्यांनी परळातले दाणे बोटांनी चाळले, ज्वारी मालदांडी असल्याचे ओळखले आणि मग मला विचारले, "आम्ही जवारी राखायला दिसभर घसा फोडला, अन् तू इकत आणून घालायलास व्हय?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. रब्बीची ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवण्यातच आमची संक्रांत सरायची. त्या वयात मला पाखरांच्या दोनच जाती ठाऊक होत्या, चिमण्या आणि भोरड्या. भोरड्यांचा थवा शिवारावर उतरला की आम्ही पत्र्याचे डबे बडवत सुटायचो. हे पक्षी मध्य आशियाकडून येतात, त्यांचे अंग गुलाबी आणि डोके काळे असते, आणि तिकडे विणीच्या काळात ते टोळांवर ताव मारतात, हे सगळे मला परभणीत घर बांधल्यावर कळले. हाकलायच्या पाखराची नेहमी पाठच दिसते.

परळावर बसलेले पाखरू मात्र तोंड दाखवते, आणि तरीही ते ओळखू येईलच असे नाही. पहिल्या वर्षी दाणे टिपणारे प्रत्येक मातकट पाखरू मी वहीत 'चिमणी, मादी' म्हणून मोजत असे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी अठरा माद्या आणि तीन नर अशी माझ्या हातची नोंद आहे, आणि या प्रमाणाचा मला जराही संशय आला नव्हता. पुढे जूनमध्ये त्यांतल्या काहींच्या माथ्यावर मळवट भरावा तसा हळदीचा रंग चढू लागला, गालांवर गडद तपकिरी पट्टा उमटला, आणि माझ्या निम्म्याअधिक चिमण्या सुगरणी निघाल्या. विणीचा हंगाम सोडला तर सुगरणीतले नर आणि माद्या दोन्ही चिमणीच्या मादीसारखेच दिसतात. फरक शोधायचा तो चोचीत आणि शेपटीत, कारण सुगरणीची चोच जाड आणि बुडाशी रुंद असते आणि शेपूट आखूड असते. एकदा हे डोळ्यांत बसले की मग चुकायला होत नाही. जाता जाता सांगायला हवे की ते प्रसिद्ध लोंबते घरटे विणण्याचे काम नर करतो, आणि आपल्या भाषेने त्याचे सगळे श्रेय सुगरण या स्त्रीलिंगी नावाच्या खात्यावर जमा केले आहे.

होल्यांचे त्या मानाने सोपे आहे. मानेच्या मागे काळी अर्धी कंठी असेल तर तो कंठी होला, आणि गळ्याच्या बाजूंना तांबूस-काळे ठिपके असतील तर छोटा होला. सातभाई दाण्यांपेक्षा शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यावर खूश असतात आणि सहा-आठ जण मिळून इतका कलकलाट करतात की आता मारामारी होणार असे वाटते, पण पुढच्याच क्षणी ते एकमेकांना खेटून पिसे साफ करत बसतात. आमच्या भावकीला यातला पहिला भाग उत्तम जमतो.

सलीम अली यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळी पक्ष्याची पक्की ओळख पटवायची तर तो बंदुकीने टिपून त्याची कातडी जतन करावी लागे. माझ्याकडे दुर्बीण आहे, वही आहे आणि चुका फार होत असल्यामुळे एक खोडरबरही आहे.

ते खोडरबर गेल्या जूनमध्ये पुन्हा लागले. सकाळी मी अण्णांशी फोनवर बोलत असताना परळ एकाएकी रिकामे झाले, खार खोडाला चिकटून चिरकू लागली आणि सातभाईंनी तर आकाश डोक्यावर घेतले. वरच्या फांदीवर करड्या पाठीचा, पट्टेदार शेपटीचा पक्षी येऊन बसला होता. मी एका हाताने वहीत 'शिक्रा' असे लिहिले आणि अण्णांनाही मोठ्या रुबाबात सांगितले की ससाण्याच्या जातीचा एक शिकारी पक्षी आपल्या लिंबावर आला आहे. तेवढ्यात त्या शिकाऱ्याने मान वर केली आणि चढत्या सुरात तीनदा, चारदा साद घातली. पावशा अंगलटीने शिक्र्यासारखाच दिसतो आणि लहान पाखरे त्याला बघून तशीच घाबरतात, हे मी वाचलेले होते. सातभाईंच्या रागाला तर आणखी एक कारण होते, कारण पावशाची मादी आपली अंडी त्यांच्याच घरट्यात घालते.

फोनच्या पलीकडे अण्णा क्षणभर गप्प राहिले.

"शिक्रा कशाचा," ते म्हणाले, "पेरते व्हा म्हणायलाय की तो. तिकडं पाऊस झाला का?"