हे वचन कोणाला लिहिले होते?

नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या ख्रिस्ती घरांतून एक वचन हमखास आढळते: आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार थोर होईल. इयोबाच्या पुस्तकातील हे वचन (८:७) देवाचे अभिवचन म्हणून छापले जाते. वास्तविक हे शब्द इयोबाचा मित्र बिल्दद याचे आहेत. मुलेबाळे गमावून राखेत बसलेल्या बापाला तो सुनावतो आहे की, तुझ्या मुलांनी पाप केले म्हणून ती गेली. तू स्वतः शुद्ध असशील तर देव तुझी भरभराट करील. पुस्तकाच्या अखेरीस देव बिल्ददावर व त्याच्या सोबत्यांवर कोपतो, कारण ते देवाविषयी यथार्थ बोलले नाहीत. इयोबाची उत्तरावस्था खरोखरच अधिक समृद्ध झाली, परंतु ती बिल्ददाच्या हिशेबाने नव्हे. पवित्र शास्त्रात लिहिलेले प्रत्येक वाक्य देवाच्या मुखातले असतेच असे नाही, आणि बोलणारा कोण हे न पाहता ते उचलणे मला गंभीर गोष्ट वाटते.

इंदूरला आम्ही काही मराठी कुटुंबे रविवारी दुपारी एकत्र बसून शास्त्र वाचतो. उपासना हिंदीत होते, त्यामुळे मायबोलीतून वाचण्याची ओढ सर्वांनाच आहे. आमचा एकच आग्रह असतो: वचन हाती घेतले की त्याच्या मागचा व पुढचा अध्याय वाचल्याशिवाय त्याच्या अर्थाविषयी बोलायचे नाही. वचनांना क्रमांक असल्यामुळे ती सुटी वाटतात. पण अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातील वचनांना आजचे क्रमांक पॅरिसचे मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी १५५१ मध्ये दिले. मूळ लेखकांनी सलग लिहिले होते आणि मंडळ्यांनी ते सलगच ऐकले होते.

यिर्मया २९:११ हे वचन आमच्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव तेथे म्हणतो. हे एका पत्रातले वाक्य आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या यखन्या राजाला, त्याच्या सरदारांना आणि कारागिरांना यरुशलेमेहून बाबेलास नेले. त्या पाडाव झालेल्या लोकांना यरुशलेमेतील संदेष्टा यिर्मया याने हे पत्र पाठवले. त्याच्या आधीचा अध्याय वाचला की पत्राची धार कळते. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष बाबेलच्या सत्तेखाली राहावे लागेल याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू काढून मोडतो आणि दोन वर्षांच्या आत सर्व काही परत येईल असे जाहीर करतो. लोकांना तेच ऐकायचे होते. यिर्मया मात्र लिहितो की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, कारण सत्तर वर्षे लागणार आहेत. म्हणजे हे पत्र ज्यांच्या हाती पडले त्यांतील बहुतेक प्रौढ माणसे परतीचा दिवस पाहणार नव्हती. हिताचा संकल्प होता तो एका लोकसमुदायासाठी, आणि तो पुरा व्हायला पिढ्या जाव्या लागणार होत्या.

हे समजल्यावर वचनाचा आधार जातो का, असे एका मावशींनी कळवळून विचारले. आजारपणात त्यांनी याच वचनावर रात्री काढल्या होत्या. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझे मत असे की आधार जात नाही, उलट तो सखोल होतो: दुःख लवकर सरेल अशी हमी येथे नाही, परंतु लांबलेल्या दुःखातही देवाने आपल्या लोकांना टाकले नाही याची साक्ष आहे. परीक्षेचा निकाल किंवा नोकरी यांची हमी म्हणून मात्र हे वचन कोणाच्याही हाती देऊ नये. ते काम हनन्याचे होते.

त्याच पत्रात, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, अशी आज्ञा आहे. होळकरांच्या काळापासून येथे रुजलेल्या मराठी माणसांना हे वचन आपल्यालाच लिहिले आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही येथे जपून पावले टाकावीत. आम्हांला कोणी बेड्या घालून इंदूरला आणले नाही. आमचे पूर्वज चाकरीसाठी आले आणि शहराने त्यांना मान दिला. पाडाव झालेल्यांना शत्रूच्या नगराचे हित चिंतण्याची आज्ञा झाली, मग स्वखुशीने राहणाऱ्यांवर शेजाऱ्याचे ऋण किती अधिक असेल, असा विचार मला योग्य वाटतो. पण तो मी काढलेला निष्कर्ष आहे, पत्राचे शब्द नव्हेत, आणि हे मी बैठकीत प्रत्येक वेळी स्पष्ट सांगतो.

प्रत्येक पुस्तकाला हीच रीत चालत नाही. नीतिसूत्रे २६ मध्ये मूर्खाला उत्तर देऊ नको आणि उत्तर दे अशी दोन वचने लागोपाठ येतात. तेथे प्रसंग ओळखण्याची अक्कल वाचणाऱ्याकडून अपेक्षित आहे.

पत्र मिळालेल्यांपैकी सर्वांनाच ते रुचले नव्हते, हेही एकोणतिसाव्या अध्यायातच नोंदले आहे. बाबेलातील शमाया नावाच्या माणसाने उलट यरुशलेमेला पत्रे पाठवून यिर्मयाला खोड्यात का घातले नाही असा जाब विचारला. अकरावे वचन पाठ असणाऱ्यांनी तो भागही अवश्य वाचावा.