तुम्ही विचारलंत म्हणून : स्वस्तातले इन-इअर पारखायचे कसे?

‘स्वस्तातले इन-इअर (कानाच्या नळीत बसणारे इयरफोन) घेतलेत. चांगले आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं? आणि टिकतील का?’ हा प्रश्न सारखा येतो. सोबत बहुधा एखादी तक्रारही असते: बेसच नाही, आवाज टोचतो, एका कानात कमी ऐकू येतं.

या वर्गात मॉडेल वाईट निघण्यापेक्षा तुमच्या हातातला नग वाईट निघण्याची भीती जास्त. बरा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला भाग) बनवणं आता स्वस्त झालंय. काटकसर होते ती डाव्या-उजव्याची जोडी जुळवण्यात, तपासणीत, वायरमध्ये, जाळी चिकटवण्यात आणि डब्यातल्या रबरी टिप्समध्ये. त्यामुळे मॉडेलची कुणी कितीही तारीफ केलेली असो, आपला नग आपणच तपासायचा. तपासताना क्रम पाळा: आधी कानात नीट बसलेत का, मग आवाजाची पातळी, मग डावं-उजवं, आणि सूर कसा लागतो ते सगळ्यात शेवटी. बहुतेक जण थेट सुरापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात.

इन-इअरचा बेस चालतो तो ड्रायव्हर आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेवर. टिपच्या कडेला बारीकशी फट राहिली तरी हवा निसटते आणि आधी खालचे सूर जातात. उरलेला आवाज पातळ आणि कर्कश वाटतो, मग ठपका ट्रेबलवर, म्हणजे वरच्या सुरांवर येतो. हे तपासायला टोन जनरेटरचं कुठलंही ॲप चालेल. ४० हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात लावा आणि इयरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबताच गुंजन एकदम वाढलं तर फट आहे. काही फरक पडला नाही तर टिप बसलीय. दोन्ही कान वेगवेगळे तपासा, कारण पुष्कळांना एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठी टिप लागते. यात काही गैर नाही.

घालताना दुसऱ्या हातानं कानाची वरची कड धरून वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. फोमच्या टिप्स असतील तर चिमटीत दाबून बारीक करायच्या, आत सरकवायच्या आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायच्या. लगेच सोडल्या तर फुगताना त्या स्वतःलाच बाहेर ढकलतात. फोम वरचे सूर थोडे मऊ करतो. रुंद तोंडाची सिलिकॉन टिप ते बहुधा उजळ ठेवते. म्हणजे टोचणाऱ्या इयरफोनवर पहिला इलाज टिप बदलण्याचा, आणि तो सगळ्यात स्वस्तही आहे. इयरफोन किती खोल जातो यानंही आवाज बदलतो. ८ हजार हर्ट्झच्या आसपास बंद झालेल्या कानाच्या नळीचा स्वतःचा एक अनुनाद असतो. इयरफोन जितका खोल तितका तो वर सरकतो. त्यामुळे एकाच इयरफोनबद्दल दोघांची मतं उलट असली तरी दोघंही खरं बोलत असू शकतात.

आता पातळी. दोन इयरफोन लागोपाठ ऐकले की जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला ‘स्पष्ट’ आणि ‘भरदार’ वाटतो. फरक एखाद-दोन डेसिबलचाच असेल तर तो मोठेपणा म्हणून जाणवतही नाही, थेट दर्जा म्हणून जाणवतो. म्हणून तुलना करण्याआधी दोन्हींवर पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा आवाज) लावून आवाज सारखा करा आणि दोन्हींचे व्हॉल्यूमचे टप्पे लिहून ठेवा. फोनमधला इक्वलायझर, ‘३डी’, ‘बेस बूस्ट’ वगैरे सगळं बंद हवं. शिवाय ऐकायचं नेहमीच्या पातळीवर. आवाज बारीक केला की आपल्या कानांना खालचे सूर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. हळू आवाजात बेस कमी वाटला म्हणून इयरफोन लगेच नापास करू नका.

स्वस्त मालात सगळ्यात जास्त गडबड डाव्या-उजव्यात असते, म्हणून इथं वेळ घालवा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो चालू करा, तिथला डावा-उजवा तोल मधोमध आहे ना तेही बघा, आणि एकट्या गायकाचं रेकॉर्डिंग लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर इयरफोन उलटसुलट घाला, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात. कानावरून वायर नेण्याच्या आकाराचे असतील तर ते नीट बसणार नाहीत, पण काही सेकंद हातानं धरून ठेवता येतात. झुकाव होता त्याच बाजूला राहिला तर प्रश्न तुमच्या कानाचा किंवा टिपचा आहे. बाजू बदलली तर दोष इयरफोनमध्ये, वायरमध्ये किंवा फोनमध्ये. वायर सुटी होणारी असेल तर आता फक्त वायरीच्या डाव्या-उजव्या टोकांची अदलाबदल करा. झुकाव इयरफोनबरोबर राहिला तर इयरफोन बिघडलाय, वायरीबरोबर गेला तर वायर किंवा फोन.

इयरफोनचा दोष निघाला तरी लगेच परत पाठवू नका. आधी इयरफोनच्या नळीच्या (जिच्यावर टिप बसते तिच्या) तोंडावरची जाळी उजेडात धरून बघा. तिथं कानातला मळ किंवा घामाची वाफ साचली की ती बाजू हळू होते, आणि आधी वरचे सूर जातात. वाफ असेल तर इयरफोन रात्रभर कोरड्या जागी ठेवला की पुरतं. मळ असेल तर जाळी खाली करून मऊ ब्रशनं झटकायची. सुई अजिबात घालायची नाही. जाळी फाटली की आवाज बदलतो आणि आत कचरा जातो.

मोनोमध्ये आवाज मधोमध न येता डोक्याभोवती पसरल्यासारखा, जागा न सापडणारा येत असेल, तर एका बाजूचा फेज उलटा आहे, म्हणजे एका ड्रायव्हरचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोन पिनांच्या वायरीत हे सहज होतं, कारण बऱ्याच पिना दोन्ही बाजूंनी बसतात. एकाच बाजूची पिन काढून अर्धा वळसा फिरवून परत बसवा. मोनो बंद करून नेहमीचं गाणं लावल्यावर गायकाचा आवाज गायबच झाला आणि मागची वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येऊ लागली, तर तो प्रकार वेगळा. जॅक पूर्ण आत गेलेला नसतो, किंवा जॅकजवळ दोन्ही बाजूंची सामाईक (‘अर्थ’ची) तार तुटलेली असते. मग दोन्ही ड्रायव्हर एकामागून एक जोडले जातात, दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कटतं, आणि गायक बहुधा मधोमधच असतो. जाड कव्हरमुळे जॅक एखादा मिलिमीटर बाहेर राहिला तरी हे घडतं. चांगला इयरफोन केवळ यामुळे फेकून दिला जातो.

पुढं स्वीप लावा, म्हणजे २० हर्ट्झपासून २० हजारांपर्यंत चढत जाणारा सूर. आवाज अगदी बारीक ठेवा, कारण ३ ते ४ हजारांच्या आसपास कान सर्वांत हळवा असतो. ३० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात सुराबरोबर खरखर किंवा भिरभिर ऐकू आली तर आत एखादा केस, कचरा किंवा सुटलेली तार डायफ्रामला (ड्रायव्हरच्या पातळ पडद्याला) लागतेय. हा नग परत करायचा, यावर घरगुती उपाय नाही. वर कुठंतरी एखादा सूर एकदम उसळून टोचला आणि टिपची खोली थोडी बदलताच तो वर-खाली सरकला, तर तो तुमच्या कानाचा अनुनाद. जागा न सोडणारी उसळी इयरफोनची.

इतकं झाल्यावर सुराकडे वळू. उघड्या कानाची नळी ३ हजार हर्ट्झच्या जवळपासचे सूर आपोआप मोठे करते. इन-इअर घातला की हा उठाव मोडतो, म्हणून इयरफोननं तेवढा उठाव स्वतः द्यावा लागतो. तो कमी पडला तर गायक गादीखाली बसून गातोय असं वाटतं. जास्त झाला तर ओरडतो. हरमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून पुढं हेडफोनवर जे प्रयोग केले, त्यांत बहुसंख्य श्रोत्यांनी सपाटपेक्षा थोडा उचललेला बेस पसंत केला. आजचे पुष्कळ स्वस्त इन-इअर तिथून निघालेल्या आलेखाच्या (कुठला सूर किती मोठा वाजावा ते दाखवणाऱ्या रेघेच्या) आसपास बेतलेले असतात. म्हणून एकेकाळी दुर्मीळ असलेला समतोल आता स्वस्तात मिळतो. उचललेला बेस दोष नाही. तो कुठं थांबतो ते महत्त्वाचं.

ते ऐकायला तबल्यासारखं साधन नाही. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या मींडेत सूर चढताना वेगळा ऐकू यायला हवा. नुसताच ‘धुम्म’ येत असेल तर बेस सुजलेला आहे. तोच बेस २०० ते ३०० हर्ट्झपर्यंत सांडला की पुरुषाचा आवाज जाड आणि डग्गा चिकट होतो. चाटीवरच्या बोलाची धार आणि तानपुऱ्याची जवारी वरच्या सुरांची कसोटी घेतात. जवारी झाकोळली तर ट्रेबल दबलाय, तारेऐवजी पत्र्याचा आवाज यायला लागला तर फाजील आहे. ‘स’ आणि ‘श’ ५ ते ८ हजारांच्या पट्ट्यात टोचतात. त्यासाठी शब्द ठळक असलेलं गाणं किंवा नुसतं निवेदन अर्धा तास ऐका. पहिल्या पाच मिनिटांत ज्याला ‘डिटेल’ म्हणून दाद मिळते तो पुष्कळदा नुसता चढवलेला ट्रेबल असतो, आणि अर्ध्या तासानं तोच इयरफोन काढून ठेवावासा वाटतो. साउंडस्टेजच्या (वाद्यं समोर पसरल्याच्या भासाच्या) गप्पांवर या वर्गात वेळ घालवू नये. बहुतेक इन-इअर आवाज डोक्यातच मांडतात.

आलेख बघणार असाल तर एक पथ्य: एकाच यंत्रावर काढलेल्या आलेखांचीच तुलना करा. सर्रास वापरला जाणारा कृत्रिम कान आयईसी ६०३१८-४ या मानकाचा किंवा त्याच्या नकलेचा असतो, आणि ८ हजारांच्या वर त्याच्या रेघेवर फार विसंबता येत नाही.

डब्यावरचे आकडे तर बरेचसे शोभेचेच. ‘२०–२०,००० हर्ट्झ’ याला किती डेसिबलच्या चढउतारात ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही. ड्रायव्हर किती यालाही नाही. नीट बसवलेला एकच डायनॅमिक ड्रायव्हर, घाईत जुळवलेल्या चार ड्रायव्हरांपेक्षा बरा. संवेदनशीलतेचा (तेवढ्याच विजेवर इयरफोन किती मोठा वाजतो त्याचा) आकडा कामाचा आहे, पण एकक पाहून वाचायचा. कुणी मिलिवॅटमागे देतं, कुणी व्होल्टमागे. १६ ओहमच्या इयरफोनला मिलिवॅटच्या आकड्यात १८ मिळवले की व्होल्टचा आकडा येतो, ३२ ओहमला १५. म्हणजे १६ ओहम आणि मिलिवॅटमागे १०५ डेसिबल म्हणजे व्होल्टमागे १२३. शेजारच्या डब्यावर व्होल्टमागे ११५ असं मोठं दिसत असलं, तरी त्याच फोनवर तो ८ डेसिबल हळू वाजणार. फार संवेदनशील इयरफोनमध्ये गाणं थांबवल्यावरही सूंऽऽ असा आवाज येतो. तो फोनचा किंवा डोंगलचा (फोनला लावायच्या जॅकच्या अडॅप्टरचा) असतो.

बांधणी बघताना नळीपासून सुरुवात करा. नळीच्या टोकाला टिप अडकायला कंगोरा हवा. तो नसेल तर एक दिवस इयरफोन बाहेर येईल आणि टिप कानात राहील. दोन भागांच्या सांध्यावर नख फिरवा. नख अडकलं तर तिथून घाम आत जाणार. अंगावरची बारीक छिद्रं बुजलेली नकोत. मागचं छिद्र बुजलं की बहुधा बेस आटतो, नळीजवळचं बुजलं की फुगतो. कानात दाबताना ‘कर्र’ असा आवाज आला तर डायफ्राम हवेच्या दाबानं वाकतोय. क्वचित झालं तर चालतं, पण त्यानंतर ती बाजू थोडा वेळ मुकी होत असेल तर नग बदलून घ्या. धातूचं कवच मजबूत असतं पण जड, आणि जड इयरफोन स्वतःच्या वजनानं टिपची पकड सैल करतो.

वायर तुटते ती जवळजवळ नेहमी टोकांना: जॅकपाशी किंवा इयरफोनपाशी. तिथलं रबरी बूच मऊ आणि लांब हवं. कडक बूच वाकणं फक्त एक सेंटिमीटर पुढं ढकलतं. मोनो सूर लावून जॅकजवळची वायर चारी बाजूंना हळूच वाकवा आणि जॅक खाचेत फिरवा. आवाज तुटला तर पहिल्याच दिवशी परत करा. सुट्या वायरीत ०.७८ मिमीची दोन पिनांची आणि एमएमसीएक्स (एकच गोल जोडणी) अशा दोन तऱ्हा जास्त दिसतात. पिना तिरक्या ओढल्या की वाकतात, सरळ ओढायच्या. एमएमसीएक्स गोल फिरतो, म्हणून सोयीचा आणि म्हणूनच लवकर सैल होणारा. वायर कपड्याला घासताच कानात खसखस येत असेल तर ती कानावरून मागे घ्या. खसखस बरीच कमी होते.

पन्नास तास वाजवल्यावर आवाज खुलतो म्हणतात. मोजल्यावर फरक इतका किरकोळ निघतो की परत करण्याची मुदत त्यात घालवणं शहाणपणाचं नाही. त्या काळात कान सवय लावून घेतात, एवढंच.

काय सहन करायचं आणि काय नाही, ते इक्वलायझर ठरवतो. बेस कमी-जास्त असेल तर १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबल फिरवून भागतं. ‘स’ टोचत असेल तर ६ हजारांजवळ ३ डेसिबल कमी करा. कुठलाही पट्टा चढवलात तर प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो. दोन बाजूंमधला साधा फरक तोल सरकवून झाकता येतो. पण फरक काही सुरांत डावीकडे आणि काहींत उजवीकडे असेल, किंवा खालच्या सुरांना खरखर असेल, तर इक्वलायझरला हात लावू नका. डबा, बिल आणि न वापरलेल्या टिप्स सांभाळून ठेवा आणि नग बदलून मागा.