आमची वाटचाल: जळगाव, व्हाया खेत्रीनगर

कन्व्हेयरचे, म्हणजे माल वाहणाऱ्या पट्ट्याखालचे, रोलर बनवणारा माणूस अमळनेरचा आणि धंदा शिकला राजस्थानात, हे ऐकलं की नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "तिकडं कुठं हो?" म्हणून आधी ते सांगून टाकतो.

आमचे आप्पा आयटीआय फिटर. १९७३ मध्ये हिंदुस्तान कॉपरमध्ये लागले आणि बिऱ्हाड घेऊन झुंझुनू जिल्ह्यात गेले. भुसावळहून दिल्ली, पुढे नारनौल-सिंघाना करत बस. कंपनी १९६७ ची, आणि खेत्रीनगर तिनेच वसवलेलं. क्वार्टर कंपनीचं, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा. आसपासच्या खेड्यांतले लोक नगराचं नावही घेत नाहीत, नुसतं 'कॉपर' म्हणतात. "कॉपर जा रहा हूँ." मूळ खेत्री गाव तिथून दहाएक किलोमीटर, जिथल्या राजा अजितसिंहांनी विवेकानंदांना शिकागोला जायला मदत केली, ते हे खेत्री.

एकीकडे अरवलीच्या बोडक्या टेकड्या, दुसरीकडे रेताड माळ. मे महिन्यात आंधी आली की आई ताटावर ताट पालथं घालायची, तरी भाकरीत कचकच लागायचीच. आप्पांची शिफ्ट बदलली की घराचं जेवण बदलायचं, आमचं झोपणं बदलायचं. घरात अहिराणी, गल्लीत मारवाडी, शाळेत हिंदी. सुटी संपवून गावाहून परत जाताना पोत्यात कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी असायची. निम्मी वांगी दिल्लीपर्यंत सडायची, तरी दर वर्षी न्यायचीच.

तिथल्या खनिजात तांबं टक्काभर. म्हणजे शंभर किलो दगड वर काढा, फोडा, पट्ट्यावरून न्या, पिठासारखा दळा, तेव्हा हाती किलोभर. उरलेले नव्व्याण्णव किलो जे फिरतात ते रोलरवर. हे गणित मला आप्पांनी जेवताना भाकरीचे तुकडे करून समजावलं होतं. तांबं वितळवणाऱ्या भट्टीचं कौतुक सगळ्या नगराला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ती पेटली, वर्षाला ३१,००० टनांची. आमच्या घरात मात्र बोलणं रोलरचं.

रोलर मला शिकवला उस्तादांनी. सिंघान्याचे टर्नर, आप्पांचे दोस्त. लांब पेचकसाचं टोक शाफ्टला लावायचं, मूठ कानाला. बेअरिंग निरोगी असेल तर नुसती सळसळ ऐकू येते. आत धूळ गेली असेल तर दाताखाली वाळू आल्यासारखं वाटतं. पाइपची दोन्ही तोंडं लेथवर एका सेटिंगमध्ये घ्यायची, दोन्ही हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसायची घरं, एका रेषेत बसली पाहिजेत. केसभर तिरकं बसलं की ६२०५ नंबरचं बेअरिंग कितीही भारी कंपनीचं घ्या, मरणारच. आणि ग्रीस ठासून भरू नका. पोरं दिसेल तेवढी पोकळी भरतात, मग रोलर तापतो आणि दोष बेअरिंगला. (तुम्ही विचारलं नव्हतं, पण लिहून ठेवा.)

१९९२ च्या दसऱ्याला जळगाव एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. भागीदार उस्तादच. नोकरी सोडून आले, येताना स्वतःचा हातप्रेस ट्रकमध्ये घालून आणला. आमच्या भागीदारीचा कागद कधी झाला नाही. ते नऊ वर्षं राहिले, मग गुडघे गेले आणि गावी परतले. प्रेस इथेच आहे, दसऱ्याला पहिलं कुंकू त्यालाच. त्या वर्षांत काम बरं चाललं, आणखी काय सांगणार.

सांगायचं आहे ते २००८ चं.

दिल्लीकडच्या एका ठेकेदारामार्फत खाणींसाठी रोलरची मोठी ऑर्डर होती. पाइप आणि बार महागाईच्या ऐन टोकाला उचलला, बँकेची लिमिट संपवून. खाणींचं काम तांब्याच्या भावावर, आणि त्या उन्हाळ्यात तांबं टनाला ८,००० डॉलरच्या वर होतं. डिसेंबरात ३,००० च्या आसपास आलं. त्याच वर्षी खेत्रीनगरची भट्टी बंद झाली. खाणी चालू राहिल्या, पण तांबं वितळवणं थांबलं. आप्पांनी पेपर बाजूला ठेवला आणि दिवसभर बोलले नाहीत. ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. शेडमध्ये ४१२ रोलर रंग देऊन उभे. त्यांच्यामधून वाट काढत मी रोज ऑफिसात जायचो.

त्याच महिन्यात आमच्याकडे सहा वर्षं काम केलेल्या एका गृहस्थाने, नाव घेत नाही, दोन गाळे सोडून स्वतःचा बोर्ड लावला. लावावा, त्याला ना नाही. पण आमचाच रोलर कापून आतलं सील जसंच्या तसं उचललं, आणि पाइप मात्र चार मिलिमीटरऐवजी तीनचा. वरून रंगही आमचाच निळा. किमतीत वीस टक्के कमी. आमची जुनी जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली. एकाने तर मला तोंडावर सांगितलं, "भाऊ, निळा तो निळा." पाइपची जाडी रंगाखाली दिसत नाही, हा आमचा गुन्हा. पुढे त्याच गृहस्थाचा उद्योजक म्हणून सत्कार झाला. हाराचे पैसे वर्गणीतून गेले, त्यात माझेही दोनशे होते.

तारलं पाचोऱ्याकडच्या एका खडी क्रशरवाल्या आबांनी. स्कूटरवर आले, चहा घेतला, रोलरमधून एक फेरी मारली. "काय करी ऱ्हायना रे भाऊ? इतला माल ठेईसन झोप येस का?" साठ रोलर त्यांनी रोखीने नेले. त्यांना गरज विसाची होती, हे मला नंतर त्यांच्या मुकादमाकडून कळलं. उरलेले मी दोन वर्षांत कापून, लांबी कमी करून, दालमिलवाल्यांना विकले. तोट्यातच, पण बँकेचा माणूस दारात आला नाही. आबांचा रोलर आजही आधी लागतो, बाकीच्यांची ऑर्डर थांबते. कोणाला राग आला तर येवो.

नव्याने शेड टाकणाऱ्यांना एक सांगतो: उधारी मोजताना ठेकेदाराची गाडी बघू नका, त्याच्या ड्रायव्हरला विचारा पगार कधी झाला.

२०१९ मध्ये उस्तादांना भेटायला गेलो, तसा खेत्रीनगरलाही जाऊन आलो. आमच्या क्वार्टरच्या दारात कोणाची तरी तुळस होती. आप्पांनी ठोकलेला कपडे वाळत घालायचा हूक तसाच. संध्याकाळी उस्तादांना मोटारसायकलवर मागे बसवून कुंपणाच्या कडेने हिंडलो. लांब कुठेतरी पट्टा चालू होता आणि त्यात एक रोलर किंचाळत होता. उस्तादांना आता ऐकू कमी येतं, तरी त्यांनी माझा खांदा दाबून गाडी थांबवायला लावली. मान तिरकी करून ऐकलं.

"अपना?"

"नाही," म्हटलं. "पाइप तीनचा असणार."