तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी एक्सएमएल हातानेच वाचते

"जॅक्सबी असताना हाताने पार्सर कोण लिहितं?" दर कोड रिव्ह्यूत कुणीतरी विचारतंच. (एक्सएमएल म्हणजे टॅगांमध्ये माहिती लिहिलेली फाइल, पार्सर म्हणजे ती वाचणारा कोड, आणि जॅक्सबी म्हणजे तिच्यातून जावाचे ऑब्जेक्ट आपोआप भरून देणारी लायब्ररी.) आजवर माझं उत्तर ठरलेलं होतं: जावा ११ मधून, म्हणजे २०१८ सालीच, ते काढून टाकलं ना. ही पळवाट होती. डिपेंडन्सी म्हणून बाहेरून जोडलं की ते परत येतं, हे मलाही ठाऊक आहे.

खरं कारण एक ऑर्डरची फाइल आहे.

ऑर्डर, तिच्या पोटात ग्राहक, मग आयटमची लिस्ट. प्रत्येकाला आपापला क्लास, वर ॲनोटेशन, म्हणजे कुठलं एलिमेंट (टॅग) कुठे भरायचं याची खूण. छान चाललं होतं. एक दिवस 'अनएक्स्पेक्टेड एलिमेंट' म्हणून एक्सेप्शन (एरर) आलं. पाठवणाऱ्यांनी रूटवर, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या एलिमेंटवर, डिफॉल्ट नेमस्पेस (एलिमेंटच्या नावाला लागणारं जणू आडनाव) घातली होती आणि मेसेजमध्ये ती छापूनही आली होती. मी वाचली नाही. अनमार्शल करताना, म्हणजे एक्सएमएलचं ऑब्जेक्ट बनवताना, सोबत क्लासही दिला की रूटचं नाव तपासलंच जात नाही, एवढं माहीत होतं. दिला. एक्सेप्शन गेलं, मी घरी गेले.

पण ती नेमस्पेस आतल्या प्रत्येक एलिमेंटलाही लागते. माझ्या क्लासांना त्यातलं एकही ओळखू येईना, आणि अनोळखी एलिमेंट जॅक्सबी मुकाट्याने सोडून देतं. ग्राहक नल (म्हणजे काहीच नाही), लिस्ट नल, रक्कम इंट म्हणून शून्य. पुढे कुठे फुटलंही नाही, कारण 'नल असेल तर सोड' असले इफ मीच पेरून ठेवले होते. दिवसभराच्या ऑर्डरी शून्य रकमेने साठल्या. हिशेबवाल्यांचा फोन आला तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "आमच्याकडे एकही एरर नाही." ते वाक्य अजून टोचतं.

तेव्हाची मी म्हणते: पॅकेज-इन्फो या फाइलमध्ये सगळ्या क्लासांसाठी नेमस्पेस लिहायची, स्कीमा (फाइल कशी असावी याचे नियम) लावून तपासायचं, तू आळस केलास आणि राग जॅक्सबीवर काढलास. खरंय. पण चूक झाल्यावर जे गप्प बसतं त्याच्यावर माझा जीव बसत नाही, त्याला काय करू?

आणि हातानेही मी काय दिवे लावले? एक्सएमएल एकेक तुकडा करून हातात देणाऱ्या स्टॅक्सच्या पहिल्या लूपमध्ये 'नेम' दिसलं की ग्राहकाचं नाव भरत होते. आयटमलाही 'नेम' होतं. प्रत्येक ग्राहकाला शेवटच्या आयटमचं नाव लागलं! निदान ते पहिल्याच टेस्टला दिसलं.

परवा टीममधल्या नव्या मुलाने माझा पार्सर काढून जॅक्सबी आणणारी पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल, मंजुरीसाठी) टाकलीय. त्याने स्कीमा लावलाय, हे मी आधी पाहिलं. अजून मंजूर केलेली नाही.